सोपवून गेलेलं कारळं

आमच्या गावात दिवाळीला मानसं कमी आन कारळं जास्त. तुमच्याकडं दिवाळीला लेकी-जावई, पावनेरावळे घरी येतेत. आमच्याकडं दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येतेत आन गाव भरून घिऊन जातेत, ऊस तोडायला. दाराला कुलपं. म्हातारी मानसं, साळंतली लेकरं आन कुत्री, एवढंच मागं ऱ्हातंय. आन डोंगराच्या उतरंडीला पिवळं धम्मक कारळं उभं ऱ्हायचं. गाव गेलं तरी ते कुठं जानार? त्याला पिकायला आजून येळ आसायचा.

ते कोन कापनार? मी कापायचे. जलमभर तेच केलं. लोकाचं कारळं राखलं, कापलं, झोडलं, मडक्यात भरून ठिवलं आन ऊस तोडून मानसं आली की ज्याचं त्याला दिलं. दिवाळीच्या पुस्तकात तुमच्या कामाचं सांगा म्हनले, म्हनून सांगते. साळंत मी दुसरीपोतर गेले, ते बी पुरं न्हाई. मी बोलते तसंच लिवा, सुधरू नका, एवढंच त्यास्नी म्हनले.

आदी कारळं म्हंजे काय ते सांगते, कावून तर शेरातल्या मानसाला निस्ती चटनी ठाव आसती. झाड कमरंएवढं, कधी छातीएवढं. फूल पिवळं, सूर्यफुलाची धाकटी भन म्हना. दाना काळा, चपटा, चकचकीत, मुंगळ्यासारका. त्याची चटनी व्हती, तेल निघतं, पेंड म्हशीला घातली की दूध दाट येतं. माळाच्या मुरमाड जिमिनीत, जिथं दुसरं काय येत न्हाई, तिथं हे येतं. खत मागत न्हाई, पानी मागत न्हाई. ढोरं त्याला तोंड लावत न्हाईत, त्याच्या पाल्याला उग्र वास. म्हनून बाजरीच्या कडंनं कारळ्याचा पट्टा पेरायचा. गाय बांधावर आली, कारळं हुंगलं, की फुरफुर करून माघारी. फुकटचं कुंपन.

एकदा शेतकीचा एक पोरगा आलता. चांगला व्हता बिचारा, च्या पिला, चटनी बांधून नेली. त्यो म्हनला, "आजी, हे पीक आपलं न्हाई. हे आफ्रिकेतून आलंय."

म्या म्हनलं, "आलं आसल बाबा. मी बी घाटनांदूराकडनं आले. आता कोन मला माघारी धाडतंय?"

लई हासला. पर खरंच हाय. कुठनं का आलेलं आसंना, जिथं रुजलं तिथलं.

पेरताना दाना लई बारीक, मुठीतून घसरतोय. मंग शेनखत वाळवायचं, चाळायचं, त्यात दाना कालवायचा आन तिफनीच्या मागं चालत बाईनं सोडत जायचं. ते बाईचंच काम. आन बाईनं सोडलेलं बाईचंच आसतंय. हे तुमाला नीट सांगते, कावून तर म्होरली समदी गोष्ट ह्याच्यावर हाय. बाजरी, तूर, ते रान बाप्याचं. पर कडंनं जे कारळं, मटकी, आंबाडी बाई टाकती, त्याला आमी इरवाड म्हनतो, आन इरवाड बाईचं. नवरा त्यात बोलत न्हाई. सासू बी बोलत न्हाई. तिनं ते इकावं, लेकीला द्यावं, न्हाईतर खाऊन टाकावं. बाकी घरात तिचं काय चालो ना चालो, इरवाडात तिचंच.

मंग फूल येतं. फूल आलं म्हंजे दाना आला आसं न्हाई. त्याला माशी लागती, मोहळाची. एका झाडाच्या फुलावरनं दुसऱ्या झाडाच्या फुलावर माशी गेली न्हाई तर बोंड निस्तं फोल. म्हनून फुलाच्या दिसात कारळ्यात उभं ऱ्हायलं की कानात घूं घूं. मागं एकदा, कारळं आजून बरंच व्हतं तव्हा, बीडाकडनं एक नवरा-नवरी आली, लग्नाच्या आदी फटू काढायला. तिचा घागरा ह्यो एवढा. म्या बांधावरनं वरडले, "बया, आत जाऊ नको, माशा हायेत!" तर फटूवाला म्हनतो, "मावशी, दोन मिंट, लाईट चांगला हाय." त्याच्याच व्हटावर माशी बसली. व्हट ह्यो आसा सुजला. नवरी मातूर शानी, न हालता उभी ऱ्हायली, तिला काय झालं न्हाई. म्या कांदा फोडून त्याच्या व्हटाला लावला. त्यो म्हनला, "मावशी, तुमी सांगायचं तरी!" आता काय बोलावं?

आन कापायचं लई जोखमीचं. बोंड तपकिरी झालं की दाना त्यात सैल व्हतो. ऊन लागलं की तडकतो आन भुईवर सांडतो. मुरमात सांडलेला काळा दाना कोन येचनार? म्हनून दवात कापायचं. फाटंचं, बोंड वलं आसताना. लुगडं गुडघ्यापोतर भिजतं, हात गारठतेत, इळा धरवत न्हाई. ऊन आलं की थांबायचं. एका दिसात एकीचं सुदिक पुरं व्हत न्हाई, आन माझ्याकडं तर आर्ध्या गावाच्या बायांचं.

हे काम माझ्याकडं कसं आलं? आमी बी आदी ऊस तोडायलाच जायचो. नवरा-बायकू मिळून एक कोयता, आसा तिथला हिसाब. एक साल उसाची गाडी उलटली आन मालकाच्या, म्हंजे माझ्या नवऱ्याच्या, पायावर आली. पाऊल चिरडलं. डाक्टर म्हनला घोट्यातून काढावं लागंल. मालक म्हनले, न्हाई, ऱ्हाऊ द्या, बरा व्हईल. डाक्टरनं त्यांच्या मनावर सोडलं. आठ-धा दिसांत जहर वर चढलं आन मंग गुडघ्याच्या वरून काढला. त्याच्या म्होरं आमचा कोयता मोडला. एकलं मानूस म्हंजे आर्धा कोयता, आन आर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत घेत न्हाई. दसऱ्याला गाव गेलं आन आमी दोघं दारात बसून ऱ्हायलो. तव्हा माझ्या बांधाला बांध लागून जिचं रान हाय, ती रखमा, गाडीत चढता चढता माघारी आली आन म्हनली, "कौसे, तू हाईसच तर माझं कारळं कापून ठिवशील का? दर साली हिरवंच कापून जावं लागतं, आर्धं फोल निघतं."

रखमा आन मी एकाच साली लग्न हून ह्या गावात आलो. हळदीच्या अंगानं दोघी एकाच आडावर पानी भरायला गेलतो, तव्हापासूनची वळख. म्या म्हनलं, कापते. तिचं बघून दुसऱ्या बाया. मंग दर साली गाडीत चढायच्या आदी बाया माझ्या दारात यायच्या. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी आनायची. कारळं झालं की मडक्यात भरून, वर राख, लिंबाचा पाला, तोंड शेनामातीनं लिपून, मडक्याच्या गळ्याला तिची चिंधी बांधायची. मला वाचता येत न्हाई, पर गावातल्या समद्या बायांची लुगडी मला वळखू येतेत. मला त्यातनं वाटा मिळायचा आन जळनाला काड्या. त्याच्यावर आमचं घर चाललं. मालकाच्या दवाखान्याचं बी त्याच्यावरच.

लोक बी एकेक. भानुदास म्हनून एक हाय आमच्यात, त्याला कुनाचा इस्वास न्हाई. एक साल ऊस तोडून आला आन म्हनतो, "काकू, हे माझ्या बायकूचं कारळं न्हाई. चिंधी बदलली." म्या म्हनलं, बाबा, समदी मडकी म्होरं ठिवते, तूच वळख. त्यानं मडक्यामडक्यातनं चिमट चिमट घिऊन चावलं. दात काळे. शेवटी शेजारच्या गिन्यानबाच्या बायकूच्या मडक्यावर हात ठिवला, "हे आमचं! हीच चव!"

गिन्यानबा तिथंच उभा. त्यो म्हनला, "घे बे, घे. आन तुझं मला दे. एकदाचं तोंड मिट."

दोघांच्या बायका पदराआड हासायल्या. त्यांच्या सासवा सख्ख्या भनी व्हत्या, दोघींच्या घरचं बियानं एकाच मडक्यातनं आलेलं. भानुदास मातूर मिशीला पीळ दिऊन गेला.

आसं ते चाललं लई सालं. कुनाचा दाना कुनात गेला न्हाई. इमानाचंच काम ते. बाई सा म्हैनं घरदार सोडून जाती, तिचं जे एक स्वताचं हाय, ते माझ्या वसरीला ठिवून जाती. मला त्याचा गरव व्हता म्हना. आसू नये, पर व्हता.

आता रखमाचं सांगते.

त्या साली रखमाची आई वारली, सिरसाळ्याकडं. म्हातारीचं कारळं त्या भागात नावाजलेलं, दाना मोठा, तेलाला गच्च. रखमा माहेरी गेली तव्हा वाटनीत भांडी, सोनं, काय तिला मिळालं न्हाई. भावानं म्हनलं, ताई, आईचं कारळ्याचं मडकं हाय, ते घिऊन जा. ती तेवढंच घिऊन आली. छातीला धरून, यष्टीत. पेरताना मी तिच्यासंगं व्हते. तिनं एक दाना घरात ठिवला न्हाई, समदं पेरलं. म्हनली, "औंदा निस्तं बी धरायचं. म्होरल्या सालापासून खायचं." आता म्हातारीचं मडकं कवा रितं झालं आन भावजयीनं त्यात बाजारातलं काय वतून भरलं, ते तिला बी ठाव न्हाई, मला बी न्हाई. पर वतलं आसनार.

दसरा झाला आन गाड्या आल्या. रखमा चिंधी घिऊन आली, हिरव्या लुगड्याची. म्हनली, "कौसे, औंदा हे माझं न्हाई, आईचं हाय. एक बोंड सांडू देऊ नको."

म्या म्हनलं, "तू नको फिकीर करू. जा."

कारळं फुलात व्हतं तोवर म्या रोज त्याच्या कडंनं गेले, मला काय दिसलं न्हाई. दिसनार कसं? अमरवेल पिवळी आन फूल बी पिवळं. अमरवेल म्हंजे, ज्यानं बघितली न्हाई त्याला सांगते, निस्ता पिवळा दोरा. पान न्हाई, भुईत मूळ न्हाई. बी भुईतनं उगवतं, एकदा झाडाला गुंडाळलं की भुई सोडून देतं आन झाडाचं रगत पितं. एका झाडावरनं दुसऱ्यावर, दुसऱ्यावरनं तिसऱ्यावर. तोडली तर जेवढा तुकडा पडंल तेवढा पुन्हा धरतो. आन एकदा तिचं बी भुईवर सांडलं की ती जिमीन सालोसाल मोकळी व्हत न्हाई. कारळ्याच्या बियात ती लपून येती.

पाकळ्या गळाल्या, कारळं हिरवं-तपकिरी झालं, आन एक दिस मला रखमाच्या पट्ट्यात पिवळं दिसलं. म्या म्हनलं, आजून फूल कावून हाय? जवळ गेले. निस्तं जाळं. पट्ट्याच्या मधोमध ह्या टोकापासून त्या टोकाला, जसं कुनी पिवळं सूत सोडून दिलंय. आन सुतावर बारीक पांढऱ्या गाठी धरलेल्या. म्हंजे बी भरायला लागलेलं. पलीकडं माझ्या बांधाला एक दोरा यिऊन टेकलेला. त्याच्या पलीकडं गिन्यानबाचं, भानुदासचं, सखूचं, समदी उतरंड.

कारळं पिकायला आजून पंधरवडा तरी लागनार. अमरवेलीचं बी त्याच्या आदी सांडनार. दोन्ही वाचवायची सोय नव्हती.

घरी आले. मालक दारात बसलेले, दोरी वळत. म्या सांगितलं. ते म्हनले, "उपटून जाळ."

"दुसरीचं हाय."

"मंग इचार तिला."

"इचारलं तर न्हाई म्हनंल. तिच्या आईचं हाय ते."

मालकांनी दोरी खाली ठिवली. मंग आपल्या तुटक्या मांडीवर हात ठिवून म्हनले, "मला इचारलंतं डाक्टरनं. म्या न्हाई म्हनलं. त्यानं ऐकलं."

एवढंच म्हनले आन पुन्हा दोरी वळायला लागले.

तरी म्या रखमाच्या सासूकडं गेले. सोनामाय, डोळ्यानं अधू, नातवंडं सांभाळत घरी ऱ्हायची. तिला समदं सांगितलं. ती म्हनली, "मला कावून इचारती? वावर माझ्या लेकाचं, पर कारळं तिचं. सुनंच्या इरवाडात म्या कधी त्वांड घातलं न्हाई, आता मरताना घालू का? ती भित्तीवर बघ, मुकादमाचा नंबर हाय. लाव तिला फोन."

भित्तीवर कोळशानं नंबर लिवलेला. तव्हा फोन गावात एकाच दुकानात व्हता. दुकानदाराचं पोरगं नंबर उतरून न्यायचं आन लावून द्यायचं. मुकादम उसाच्या फडात हाक मारायचा, बाई ऊस टाकून पळत यायची. गावाकडनं फोन आला म्हंजे घरी कुनी तरी मेलं, आसंच वाटायचं बायांना.

मी भित्तीम्होरं उभी ऱ्हायले. रखमा पळत येनार, हाताला उसाची कूस टोचलेली, धापा टाकत म्हननार, काय झालं गं कौसे? आन म्या काय सांगायचं? तुझ्या आईचं जाळू का? ती न्हाई म्हननार. आन एकदा तिनं न्हाई म्हनलं की माझा हात लागनार न्हाई, ते मला पक्कं ठाव व्हतं. दुसऱ्या बाईच्या इरवाडाला तिचं न्हाई आसताना हात लावनं, ते आमच्यात चोरीपक्षा वाईट.

सोनामाय म्हनली, "सापडला का गं नंबर?"

म्या म्हनलं, "न्हाई माय. ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिशी दवात गेले. इळा नेला न्हाई, हातानं उपटलं, मुळासकट. दोरा तुटून खाली पडू नये म्हनून एकेक झाड पदरात धरून आनायचं आन पट्ट्याच्या मधी ढीग लावायचा. कारळं वलं, जड. बोंडात दाना धरलेला, आजून दुधाळ. म्या एक बोंड फोडलं. म्हातारीचा दाना खरंच मोठा व्हता. पुन्हा फोडलं न्हाई. रॉकेल टाकून पेटवलं. वलं आसल्यानं नीट पेटंना, निस्ता धूर. गावातली म्हातारी-कोतारी बांधावर यिऊन उभी ऱ्हायली. सोनामाय नातवाच्या खांद्यावर हात ठिवून आलती.

कोपऱ्यात चार-पाच झाडं मोकळी दिसली, ती म्या ठिवली. म्हनलं, एवढं बी ऱ्हायलं तरी म्हातारीचं ऱ्हायलं. रोज सकाळी जाऊन बुडापासून शेंड्यापोतर चाचपून बघायचे. मंग एका सकाळी एका झाडाच्या बेचक्यात पिवळं दिसलं, केसाएवढं. बाकीच्या झाडावर काय नव्हतं. पर नव्हतं म्हनून दिसलं नव्हतं का खरंच नव्हतं, हे कसं सांगावं? ती बी उपटली. त्या येळंला मातूर मला रडू आलं.

त्या साली बाकी समद्यांचं कारळं आसं पिकलं, आसं पिकलं की मडकी पुरंनात. अमरवेल कुनाच्याच रानात गेली न्हाई. रखमाच्या मडक्यात म्या माझ्या वाट्याचं भरलं, काठोकाठ, आन हिरवी चिंधी बांधली.

उन्हाळ्यात टोळ्या माघारी आल्या. बाया मडकी न्यायला आल्या. रखमा आली. तिला घरी सासूनं काय सांगितलं नव्हतं, सोनामाय म्हनली व्हती, जिनं केलं तिच्या तोंडून ऐक. रखमानं शेन फोडलं, मूठभर दाना तळहातावर घेतला, बोटानं पसरला.

"हे माझं न्हाई."

"माझं हाय," म्या म्हनले. "तुझ्यात अमरवेल निघाली. म्या उपटून जाळलं."

"समदं?"

"समदं."

"फोन कावून लावला न्हाईस?"

दुसऱ्या बाया वसरीला बसल्या व्हत्या, त्या वळून बघायल्या. सखू म्हनली, "आगं रखमावैनी, काकूनं केलं म्हनून आमचं तरी..." तर रखमानं तिच्याकडं नुस्तं बघितलं. रखमानं हातातला दाना मडक्यात टाकला, हात झटकला. मडक्याच्या गळ्याची चिंधी सोडली, कमरंला खोचली आन गेली. शिव्या दिल्या न्हाईत. दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

मी धरून चालले व्हते की रागावली ती एकली रागावंल. तसं झालं न्हाई. म्होरल्या दसऱ्याला बाया चिंध्या घिऊन आल्या, पर कमी. सखू म्हनली, "काकू, औंदा म्या कारळं टाकलंच न्हाई, पाटोद्याच्या बाजारात चटनीला इकत घ्यायचं म्हनते." दुसरी म्हनली, "दीर घरी हाय, तो कापील." गोड बोलून. त्याच बायांचं म्या वाचवलं व्हतं. त्यास्नी ठाव व्हतं की म्या बरोबर केलं, आन तरी. आता मला कळतं. माझं चुकलं म्हनून न्हाई, तर जिनं एकीचं न इचारता जाळलं ती उद्या आपलं बी जाळंल, ती बरोबर आसली तरी. आसल्या बाईच्या वसरीला आपलं मडकं कोन ठिवनार?

मंग सोयाबीन आलं. ते दसऱ्याच्या आदीच निघतं, मागं कुनाला ठिवायची गरज न्हाई. मळनीयंत्र आलं, फर्रकन काम. उतरंडीवरचं कारळं एकेक पट्ट्यानं गेलं. लोक म्हनतेत सोयाबीनमुळं गेलं. आसल. सोयाबीन आसंही आलंच आसतं. पर बायांचं एवढंसं काय तरी त्या माळावर ऱ्हायलं आसतं का, माझ्यासारकं कुनी मागं राखायला हाय म्हनून, ह्याचा इचार येतो. आता बायांचं इरवाडच न्हाई. समदं रान बाप्याचं. मोहळाच्या माशा बी तेवढ्या दिसत न्हाईत.

मालक वारले तव्हा रखमा गावातच व्हती. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारनी भाकरी आनतेत. पहिली भाकरी रखमानं आनली. पिठलं-भाकरी, वर कांदा. ताट माझ्याम्होरं ठिवलं, मी खाईपोतर बसली, ताट उचलून नेलं. तोंडातून एक सबूद काढला न्हाई. रोज आनली. रोज तसंच.

आता तिची बी कंबर मोडली. दोन सालं झाली, ऊस तोडायला जाता येत न्हाई. दसऱ्याला गाड्या गेल्या की आता तिच्या बी दारात तीच चुप्पी. मी माझ्या बांधाला आजून हातभर रुंद पट्टा कारळ्याचा टाकते, घरच्या चटनीपुरता. गेल्या साली दिवाळी झाल्यावर एक सकाळी मी दवात कापत व्हते. पाठ वर केली तर रखमा बांधावर. काठी टेकून, अंगावर घोंगडी. किती येळची उभी व्हती, ठाव न्हाई.

म्हनली, "नंबर भित्तीवर व्हता."

इतक्या सालानं तिचा आवाज मला उद्देशून निघाला. मी म्हनले, "व्हता."

"लावला आसतास तर मी न्हाई म्हनले आसते."

"मला ठाव व्हतं रखमे."

"आन मंग समद्यांची वावरं गेली आसती."

"हां."

तिनं उतरंडीकडं बघितलं. सोयाबीन निघून गेलेलं, निस्ती ढेकळं.

"मंग तू केलंस ते बरंच केलंस," ती म्हनली. "पर कौसे, न्हाई म्हनायचं तरी माझं व्हतं की गं."

ऊन डोंगराच्या वर आलं, बोंडं सुकायला लागली, हात लावला की दाना सांडायला लागला. मी पुन्हा वाकले. रखमा कापू लागली न्हाई. माघारी बी गेली न्हाई. घोंगडी अंथरून बांधावर बसली आन माझं पुरं हुईपोतर तिथंच बसून ऱ्हायली.